पीएमएल प्रथिनासाठी कोणती अँटीबॉडी, कोणता रंग, आणि सोलापुरात हे कसं जमवायचं

भुईकोट

प्रोजेक्टचे विषय ठरायचे दिवस आले की बायोटेक आणि मायक्रोबायोलॉजीच्या मुलांकडून एक प्रश्न दरवर्षी येतो. इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्यांनाही सापडेल.

प्रश्न असा असतो: "सर, ल्युकेमियाशी संबंधित पीएमएल प्रथिन पेशीत बघायचंय. कॅटलॉगमध्ये त्याची अँटीबॉडी साधी मिळते, एफआयटीसी लावलेली मिळते, पीई लावलेली मिळते, अलेक्सा फ्लुअर ४८८, ५९४, ६४७ लावलेलीही मिळते. कोणती घेऊ?"

अँटीबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनालाच जाऊन धरणारं प्रथिन; एफआयटीसी, पीई, अलेक्सा फ्लुअर हे तिच्यावर लावायचे चमकणारे रंग. आधी पीएमएल हे प्रथिन काय आहे ते बघू, कारण रंगाचं उत्तर त्यातच आहे. पीएमएल म्हणजे प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया प्रथिन. ते फक्त आजारी पेशीत सापडतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात ते निरोगी माणसाच्याही बहुतेक पेशींमध्ये असतं. केंद्रकात ते एकत्र येऊन गोल ठिपके तयार करतं. एका केंद्रकात साधारण ५ ते ३० ठिपके, प्रत्येकाचा व्यास ०.१ ते १ मायक्रोमीटर. चांगल्या स्लाइडवर ते सुटे सुटे मोजता येतात.

अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल, या आजारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. ही अदलाबदल जॅनेट रौली यांनी १९७७ मध्ये दाखवली. पुढे १९९० च्या सुमाराला कळलं की १५ वरचं पीएमएल जनुक आणि १७ वरचं रेटिनॉइक आम्लाच्या रिसेप्टरचं जनुक, ज्याला रारा म्हणतात, यात जोडलं जातं आणि पेशीत पीएमएल-रारा नावाचं जोडप्रथिन तयार व्हायला लागतं. हे जोडप्रथिन पेशीतल्या चांगल्या पीएमएललाही स्वतःला बांधून घेतं. मग ठिपके मोडतात आणि केंद्रकभर शेकडो अतिबारीक कण विखुरलेले दिसतात.

मुलांनी इथे थांबून विचार करावा. निरोगी पेशीतही पीएमएल आहे, एपीएलच्या पेशीतही आहे. फरक आहे तो मांडणीचा. मग जे यंत्र फक्त "पेशी किती चमकली" एवढंच सांगतं, ते इथे फारसं कामाचं नाही. साधा फ्लो सायटोमीटर प्रत्येक पेशीमागे चमकेचा एक आकडा देतो. दहा मोठे ठिपके आणि शेकडो बारीक कण, दोघांचा आकडा जवळपास सारखा येऊ शकतो. पीएमएलच्या मांडणीसाठी मायक्रोस्कोपच हवा, आणि अँटीबॉडीवरचा रंग मायक्रोस्कोपला मानवणारा हवा.

पीई म्हणजे फायकोएरिथ्रिन, लाल शेवाळातून मिळणारं प्रथिन. फ्लोमध्ये त्याच्याइतकं तेजस्वी क्वचितच काही असतं. पण त्याचं वजन २४० किलोडाल्टन, खुद्द अँटीबॉडी १५० ची. केंद्रकात शिरून दाटीच्या जागी पोचायला ते जड, आणि मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली बघता बघता विझतं. विक्रेता "सर्वांत ब्राइट आहे" म्हणून पीई सुचवत असेल, तर त्याच्या मनात फ्लो आहे एवढंच समजा.

६४७ हा रंग दूरच्या लाल पट्ट्यात चमकतो, साधारण ६६५ ते ६७० नॅनोमीटरला. डोळ्याला तो जवळजवळ दिसतच नाही. चांगला कॅमेरा लागतो. शिवाय जुन्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर पाऱ्याचा दिवा असतो आणि त्या पट्ट्यात त्याचा उजेड अगदी कमी. अजून एक कारण: भिंग किती बारीक तपशील सोडवेल हे तरंगलांबीवर ठरतं. १.४ न्यूमेरिकल अपर्चरच्या १०० एक्स ऑइल भिंगाने ५१९ नॅनोमीटरला सुमारे ०.२३ मायक्रोमीटर सुटतं, ६६८ ला सुमारे ०.२९. आपल्याला बघायचे आहेत ०.१ च्या आसपासचे कण. ते सुटे दिसणार नाहीतच, पण हिरव्या रंगात निदान कणीदारपणा कळतो.

म्हणून माझं मत: एकच रंग घ्यायचा असेल तर ४८८. एफआयटीसीचाच फिल्टर त्याला चालतो (दोन्ही ४९५ ला उजेड घेतात आणि ५१९ ला देतात), तो लवकर विझत नाही आणि आम्लतेनं त्याची चमक फारशी बदलत नाही. एफआयटीसी माध्यम आम्लधर्मी झालं की मंदावतो.

आता क्लोनबद्दल, म्हणजे एकाच मूळ पेशीच्या वंशातून येणाऱ्या एकसारख्या अँटीबॉडीबद्दल. पीजी-एम३ हा उंदरापासून बनवलेला, आयजीजी१ प्रकारचा मोनोक्लोनल क्लोन या कामात फार वापरला गेलाय. तो पीएमएलच्या सुरुवातीच्या, म्हणजे अमिनो टोकाच्या भागाला धरतो. तो भाग जोडप्रथिनातही शाबूत असतो, त्यामुळे हा क्लोन दोघांनाही पकडतो. "पीजी-एम३ पॉझिटिव्ह, म्हणून एपीएल" असं वाक्य कुणी प्रबंधात लिहू नये. जवळजवळ सगळ्या पेशी पॉझिटिव्हच असणार.

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. अँटीबॉडीच्या आधी कंट्रोल ठरवा. ज्यात ठिपके नक्की दिसणार अशी पेशी कोणती, ज्यात विखुरलेले दिसणार अशी कोणती, आणि ज्यात काहीच दिसता कामा नये अशी स्लाइड कोणती. या तिघांची सोय नसेल तर ऑर्डर थांबवा.

पेशीवाली

सर, खूप आभार, मी यंदा हाच विषय घेतलाय. दोन शंका. रंग लावलेली अँटीबॉडी घेऊ की साधी (प्रायमरी) घेऊन वरून तिला धरणारी रंगीत अँटीबॉडी (सेकंडरी) लावू? आणि वेगवेगळ्या पेपरमध्ये पीएमएलच्या वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून बघतात त्याला) वेगवेगळे पट्टे दिसतात, मग नक्की कोणता खरा?

भुईकोट

दुसऱ्या शंकेपासून. पीएमएलचे अनेक प्रकार आहेत, १ ते ७ असे धरतात. सगळ्यांचा सुरुवातीचा भाग एक, शेपटी वेगळी. त्यात पेशी या प्रथिनाला सुमो नावाची छोटी प्रथिनं जोडते, त्याने वजन आणखी वाढतं. त्यामुळे पट्ट्यांची शिडी दिसणं स्वाभाविक आहे. अमिनो टोकाची अँटीबॉडी सगळेच प्रकार धरणार. एकच पट्टा दिसायला हवा असा आग्रह इथे धरू नकोस.

पहिल्या शंकेला: तू एकाच प्रथिनाकडे बघणार असशील तर साधी प्रायमरी आणि ४८८ लावलेली उंदीरविरोधी सेकंडरी घे. एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात, त्यामुळे चमक वाढते. आणि तीच सेकंडरी विभागातल्या दुसऱ्या कुणाच्याही उंदराच्या अँटीबॉडीला चालते. आपल्याकडच्या बजेटमध्ये हा फार मोठा फायदा आहे.

थेट रंग लावलेली केव्हा घ्यायची? पीएमएलबरोबर दुसरं प्रथिन त्याच पेशीत बघायचंय आणि दोन्ही अँटीबॉडी उंदराच्याच आहेत, तेव्हा. सेकंडरीला दोघींतला फरक कळत नाही.

रंगारी

मी विज्ञानाचा माणूस नाही. पूर्व भागात आमचा सूत रंगाईचा धंदा आहे. मुलगी बीएस्सीला आहे, तिने ही लिंक दाखवली. एक विचारूलालो: हा रंग अँटीबॉडीला चिकटवतात कसा? आणि इतक्या वेळा धुतल्यावर निघून जात नाही का?

भुईकोट

दादा, तुमच्याइतकं हे लवकर कुणाला कळणार नाही. सुतावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवताना तुम्ही शेवटी सोडा टाकता, द्रावण अल्कधर्मी होतं, आणि रंगाचा रेणू सुताच्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो. मग धुलाईत तो निघत नाही, निघतो तो न जोडलेला जादा रंग. एफआयटीसीचंही तसंच आहे. द्रावणाचा पीएच ९ च्या आसपास नेला की तो अँटीबॉडीवरच्या लायसिनच्या अमिनो गटाशी कायमचा जोडला जातो. नंतर सुटा रंग जेलच्या स्तंभातून गाळून किंवा डायलिसिसने काढून टाकायचा. तो राहिला तर सगळी स्लाइड हिरवी दिसते.

एका बाबतीत मात्र फरक पडतो. इथे रंग जास्त चढवून चालत नाही. एका अँटीबॉडीवर साधारण ३ ते ७ रेणू बसले की पुरे. त्याहून फार जास्त झाले तर ते एकमेकांची चमक मारतात आणि अँटीबॉडीची प्रथिन पकडायची जागाही झाकली जाऊ शकते.

फ्लुरेसीन हा मूळ रंग अ‍ॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवला. अँटीबॉडीला चमकणारा रंग लावून जंतू शोधायची कल्पना अल्बर्ट कून्स यांची, १९४१ ची. त्यांनी न्यूमोनियाचे जंतू शोधले होते.

रंगारी

समजलं सर. मुलीला वाचून दाखवलं. मग हे रंगवायचं काम कॉलेजातच का करत नाहीत?

कर्दळी

याचं उत्तर मी देते, आमच्या प्रयोगशाळेत आम्ही करतो. किट मिळतात, काम तासा-दोन तासांचं आहे. अडचण येते ती अँटीबॉडीच्या बाटलीत आणखी काय आहे त्यात. टिकावी म्हणून बऱ्याच कंपन्या तिच्यात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालतात. बीएसए हेही प्रथिन, त्याच्यावरही अमिनो गट. सगळा रंग तोच पिऊन टाकतो. ट्रिस किंवा ग्लायसिनच्या बफरचीही तीच गत, त्यांच्यातही अमिनो गट आहेत. म्हणून स्वतः रंगवायचं असेल तर ऑर्डर देतानाच "बीएसए नसलेली, पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या बफरमध्ये)" असं स्पष्ट लिहून घ्यायचं. शिवाय अँटीबॉडी पुरेशी दाट लागते, एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास. १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत प्रयोग करून बघायला दुसरी संधी मिळत नाही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी हे सुचवणार नाही.

सीनाकाठ

कंट्रोलच्या पेशींबद्दल. एचएल-६० घ्या की. ती प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचीच लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) आहे, माझ्या पदव्युत्तरच्या पुस्तकात तसंच दिलंय.

कर्दळी

जुन्या पुस्तकांत तसं आहे खरं. १९७७ मध्ये ती प्रथम वाढवली तेव्हा प्रोमायलोसायटिक म्हणूनच नोंदली गेली. पण तिच्यात १५-१७ ची अदलाबदल नाही, त्यामुळे पीएमएल-रारा नाही. तिच्यात पीएमएलचे ठिपके नेहमीसारखे सुटे दिसतात. विखुरलेली मांडणी बघायची तर एनबी४ लाइन लागते. ती एपीएलच्या रुग्णाकडून घेतलेली, १९९१ ची, आणि तिच्यात अदलाबदल आहे.

भुईकोट

आणि म्हणूनच एचएल-६० उपयोगी आहे, सीनाकाठ. दिसायला एनबी४ च्या जवळची, पण मांडणी निरोगी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या अँटीबॉडीने, शेजारशेजारच्या स्लाइडवर केल्या तर फरक कुणालाही पटेल.

पेशीवाली, तू मात्र सुरुवात हेला या मानवी पेशींच्या लाइनपासून कर. हेला तळाला चिकटून वाढते, पसरट असते, केंद्रक मोठं दिसतं, आणि पीएमएलचे ठिपके स्पष्ट येतात. हात बसला की मगच तरंगत्या पेशींकडे वळ. एचएल-६० सारख्या लाइनसाठी पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, भांडाराकडे विचारणा करा. एनबी४ त्यांच्याकडे नसली तर जर्मनीच्या डीएसएमझेड भांडारात आहे, पण परदेशातून मागवायला वेळ आणि खर्च दोन्ही लागतं. आधी एखाद्या प्रयोगशाळेकडे आहे का ते मार्गदर्शकांमार्फत विचारून बघा.

होटगी_रोड

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. अधूनमधून असा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा नमुना) येतो की प्रोमायलोसायट (अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी) भरलेले, ऑअर रॉड्सच्या (पेशीतल्या काडीसारख्या कणांच्या) जुड्या दिसतात, आणि रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त थांबत नसतं. नमुना पुण्या-मुंबईला जातो आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत बसतो. तुम्ही जे लिहिलंय ते इथेच करता आलं तर किती फरक पडेल. हे निदानासाठी वापरतात का?

साती_रस्ता

रक्तविकार विभागात काम करतो, म्हणून लिहितो. हो, वापरतात. पीएमएलची मांडणी फ्लुरोसन्सने बघून एपीएल ओळखायची पद्धत १९९० च्या दशकापासून प्रकाशित आहे. तिचा जोर वेगावर आहे. फिश किंवा आरटी-पीसीआर या अनुवांशिक चाचण्यांना नमुना पाठवणं, रांग, रिपोर्ट, यात दिवस जातात. ही तपासणी काही तासांत होते आणि ल्युकेमियाच्या पेशी थोड्या असल्या तरी चालते.

पण तीन गोष्टी. कॅटलॉगमधल्या बहुतेक अँटीबॉडींवर "फक्त संशोधनासाठी" असं लिहिलेलं असतं. त्यावर रुग्णाचा रिपोर्ट देता येत नाही, त्यासाठी पद्धत प्रमाणित करावी लागते. दुसरं, मांडणी वाचायला सरावलेला डोळा लागतो. आणि अनुवांशिक चाचणीने खात्री करावीच लागते, कारण पीएमएल ऐवजी दुसऱ्याच जनुकाशी रारा जोडलेले काही दुर्मिळ प्रकार आहेत. त्यात पीएमएलचे ठिपके शाबूत असतात आणि ही तपासणी फसते.

आणि ताई, सर्वांत महत्त्वाचं: एपीएलची शंका आली की एट्रा, म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल, अनुवांशिक रिपोर्टची वाट न बघता सुरू करायचं असतं. रक्तस्रावानं होणारे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात. स्मिअर बघून तुम्ही तत्काळ डॉक्टरांना फोन करणं हीच त्या रुग्णासाठी सर्वांत मोठी गोष्ट आहे.

होटगी_रोड

फोन तर आम्ही करतोच सर. धन्यवाद, हे विभागात दाखवते.

भुईकोट

साती_रस्ता, दुर्मिळ प्रकारांचा मुद्दा मी वर लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे. मुलांनो, तो वाचा.

पेशीवाली

सर, एट्रा दिल्यावर एनबी४ मधले ठिपके परत येतात असं वाचलं. हे प्रोजेक्टमध्ये दाखवता येईल का?

कर्दळी

येईल, आणि तोच सर्वांत देखणा भाग होईल. एट्राने जोडप्रथिन मोडतं आणि सुटे, गोल ठिपके पुन्हा उभे राहतात. एट्रा उजेडात खराब होतो, म्हणून मंद प्रकाशात हाताळायचा, बाटलीला फॉइल गुंडाळायची. तो डीएमएसओमध्ये विरघळवतात, म्हणून कंट्रोलच्या पेशींनाही तेवढाच डीएमएसओ द्यायचा. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

आर्सेनिक ट्रायऑक्साइडनेही ठिपके परत येतात, आणि त्यामागचं कारण अधिक सुंदर आहे. आर्सेनिक थेट पीएमएलच्या भागातल्या सिस्टीनना जाऊन धरतं. मग त्या प्रथिनावर सुमो चढतात, ते बघून आरएनएफ४ नावाचं विकर त्याच्यावर युबिक्विटिनची खूण करतं आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. म्हणजे औषध नेमकं रोगाच्या प्रथिनालाच मोडून काढतं. सुरुवातीला काही तास ठिपके मोठे झालेले दिसतात, म्हणून एकाच वेळेचा फोटो पुरत नाही, वेगवेगळ्या वेळांना पेशी फिक्स करायच्या.

सीनाकाठ

आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे सोमलच ना? आमच्या गावाकडे पूर्वी वैदू देत.

साती_रस्ता

पदार्थ तोच. पण एपीएलमध्ये तो शुद्ध स्वरूपात, शिरेतून, ०.१५ मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन इतका मोजून देतात. वारंवार क्षारांची तपासणी आणि ईसीजी, कारण हृदयाची लय बिघडू शकते. कुणीही हे वाचून सोमलाच्या वाटेला जाऊ नये. यकृत, नसा, हृदय, सगळ्यांना ते विष आहे.

योग्य हातात मात्र परिणाम विलक्षण आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने केवळ आर्सेनिक देऊन एपीएलचे रुग्ण बरे केल्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. किमोथेरपी आणि तिच्यासोबतचा खर्च ज्यांना झेपणारा नव्हता, त्यांच्यासाठी हे फार मोठं होतं. पुढे २०१३ मध्ये इटली-जर्मनीच्या चाचणीत एट्रा आणि आर्सेनिक ही जोडी कमी-मध्यम धोक्याच्या रुग्णांत किमोच्या तोडीची किंवा सरस ठरली. एके काळी ल्युकेमियातला सर्वांत झपाट्याने मारणारा हा प्रकार, आज वेळेत उपचार मिळाले तर सर्वांत बरा होणारा आहे.

गड्डा_यात्रा

ही दोन्ही औषधं मुळात चीनमधून आली ना? एट्रा शांघायहून आणि आर्सेनिक हार्बिनहून. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये तिकडच्या जखमींची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. त्याच देशातल्या डॉक्टरांच्या कामाने आज सोलापुरातला रुग्ण बरा होतो, हे वाचून मन भरून आलं.

भुईकोट

खरं आहे. शांघायला वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये पहिल्या रुग्णाला एट्रा दिलं, आणि हार्बिनमध्ये झांग टिंगडाँग आणि सहकारी १९७० च्या दशकापासून आर्सेनिकवर काम करत होते. कोटणीसांच्या स्मारकात मुलांना घेऊन जातो तेव्हा यापुढे हेही सांगेन.

निवांत

व्यवहाराचं कुणीतरी बोला. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ च्या वर. कुरिअरचा खोका दिवसभर टेंपोत. आलेली अँटीबॉडी चांगली आहे हे कसं ओळखायचं?

कर्दळी

साधी आयजीजी अँटीबॉडी तशी चिवट असते, एखाद दिवस खोलीच्या तापमानात राहिल्याने बहुधा बिघडत नाही. रंग लावलेल्यांची काळजी जास्त. त्या ४ अंशांवर, अंधारात ठेवायच्या, गोठवायच्या नाहीत. पीई तर कधीच नाही.

आम्ही काय करतो: उन्हाळ्यात ऑर्डर शक्यतो टाळतो. टाळता येत नसेल तर विक्रेत्याला सांगतो की माल सोमवारी निघू दे, शनिवार-रविवारी गोदामात पडता कामा नये. खोका आला की बर्फाच्या पिशव्या अजून थंड आहेत का ते बघून लगेच फोटो काढतो. आणि नवी कुपी पहिल्याच आठवड्यात हेलावर, निरनिराळ्या विरलतेला, ५० पट, १००, २००, ४०० पट अशी तपासून वहीत नोंदवतो. पुढे शंका आली तर ताडून बघायला तेच फोटो कामी येतात. बदलून मागायचं असेल तरी कंपनी हाच पुरावा मागते.

निवांत

आणि मायक्रोस्कोप? आमच्या कॉलेजातल्याला पाऱ्याचा दिवा आहे आणि लाइट दिवसातून दोनदा जाते.

भुईकोट

पाऱ्याचा दिवा विझला की लगेच पेटवायचा नाही, अर्धा तास निवू द्यायचा. त्याचं आयुष्य साधारण २०० ते ३०० तासांचं असतं आणि अशा उघडझापीने ते आणखी घटतं. यूपीएस लावा, आणि दिव्याच्या तासांची नोंद ठेवा. विभागाला नवं काही घ्यायचं असेल तर एलईडीसाठी आग्रह धरा.

तरंगत्या पेशींसाठी सायटोस्पिन (पेशी फिरवून काचेवर बसवणारं) यंत्र नसलं तरी अडत नाही. पॉलि-लायसिन लावलेल्या कव्हरस्लिपवर पेशी बसवा, ४ टक्के फॉर्माल्डिहाइडने फिक्स करा, मग ट्रायटन या डिटर्जंटने केंद्रकापर्यंत वाट मोकळी करा. ट्रायटनची पायरी वगळली तर अँटीबॉडी केंद्रकात पोचणारच नाही. रक्तातल्या पेशींवर अँटीबॉडीची शेपटी धरणारे रिसेप्टर असतात, म्हणून ब्लॉकिंगमध्ये मानवी इम्युनोग्लोब्युलिन किंवा सेकंडरी ज्या प्राण्याची त्याचा सीरम वापरा. नाहीतर पेशीच्या कडा उगाच चमकतात.

बारीक कणांसाठी कॉन्फोकल (लेसरने एकेक थर बघणारा मायक्रोस्कोप) हवाच असेल तर पुण्यातल्या संस्थांना, एनसीसीएस किंवा आयसरला, मार्गदर्शकांच्या नावाने आधी मेल करून वेळ आणि शुल्क विचारा. फिक्स करून माउंट केलेल्या स्लाइडला प्रवासात बर्फ लागत नाही. अंधाऱ्या डबीत घालून हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालात तर दुपारी मायक्रोस्कोपवर बसता येतं.

होटगी_रोड

रुग्णांच्या उरलेल्या नमुन्यांवर मुलांना काम करता येईल का? आमच्याकडे ते वाया जातात.

साती_रस्ता

ताई, संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं उरलेल्या नमुन्यांनाही लागू आहेत. काही वेळा समिती संमतीतून सूट देते, पण ते समितीने ठरवायचं. एम.एस्सी.च्या एका वर्षात ही परवानगी मिळवणं अवघड जातं, म्हणून आधी सेल लाइनवरच काम करा.

पेशीवाली

ठरलं मग: आधी हेला, नंतर एचएल-६०, आणि एनबी४ मिळाली तर एट्रा देऊन आणि न देता. पीजी-एम३ साधी, ४८८ ची सेकंडरी, केंद्रकासाठी डॅपी. कंट्रोल म्हणून फक्त सेकंडरी लावलेली स्लाइड आणि उंदराची आयजीजी१ आयसोटाइप (त्याच प्रकारची, पण पीएमएल न धरणारी अँटीबॉडी). काही राहिलं का?

कर्दळी

जमलं तर एका स्लाइडवर इंटरफेरॉन दिलेली हेला ठेव. त्याने पीएमएल वाढतं, ठिपके संख्येने आणि आकाराने मोठे होतात. अँटीबॉडी खरोखर पीएमएललाच धरतेय याची ती एक जादा साक्ष होते. एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) पीएमएल कमी केलेली पेशी त्याहून भक्कम, पण खर्चिक.

भुईकोट

आराखडा चांगला आहे. दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिही. एक, कॅमेऱ्याचा एक्स्पोजर आणि गेन सर्वांत तेजस्वी स्लाइडवर एकदाच ठरव, आणि त्याच मापाने कंट्रोलसकट सगळ्या स्लाइडचे फोटो काढ. प्रत्येक फोटोला ऑटो एक्स्पोजर लावला तर रिकामी स्लाइडही हिरवी दिसते. दोन, ठिपके मोजताना कोणती स्लाइड कसली हे तुला माहीत नसावं. मैत्रिणीला लेबलं झाकून क्रमांक टाकायला सांग, प्रत्येक स्लाइडवर निदान १०० केंद्रकं मोज, आणि लेबलं मोजणी संपल्यावरच उघड.